आधी सस्तन, मग पराभूत

१८८७ साली पॅटागोनियातून, अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिणेकडच्या सांता क्रूझ भागातून, कार्लोस आमेगिनो नावाचा विशीतला तरुण पेट्या भरभरून हाडं घेऊन परतला. त्या हाडांत खालच्या जबड्याचा एक तुकडा होता. जाडजूड, भक्कम, आणि दात एकही नाही. कार्लोसचा थोरला भाऊ फ्लोरेन्तिनो आमेगिनो याने त्याच वर्षी, भावाने आणलेल्या सस्तन प्राण्यांच्या शंभरावर जातींची यादी छापली. त्या यादीत हा जबडाही होता. फ्लोरेन्तिनोने त्याला नाव दिलं फोरुस्राकोस लाँजिसिमस, आणि तो बसवला दात नसलेल्या सस्तनांच्या गटात, म्हणजे स्लॉथ आणि आर्मडिलोच्या भाऊबंदांत.

आज ते वाचून हसू येतं, कारण तो जबडा एका शिकारी पक्ष्याचा होता. पण फ्लोरेन्तिनोच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं फारसं चुकलेलं दिसत नाही. दक्षिण अमेरिकेच्या मातीत महाकाय स्लॉथ आणि पाठीवर घुमट वाहणारे ग्लिप्टोडॉन इतके सापडत होते, की दात नसलेलं मोठं हाड दिसलं की हात आपोआप त्याच फडताळाकडे जावा. इतक्या मोठ्या जबड्याचा पक्षी कुणी पाहिलाच नव्हता. शहामृग मोठा असतो, पण त्याची चोच बघा, चपटी आणि दुबळी. हा जबडा पक्ष्याचा म्हणायचा, तर घोड्याएवढ्या डोक्याचा पक्षी कल्पावा लागणार. शिवाय हाती काय होतं, तर एक तुकडा.

ही गोष्ट मला गेली दोन-तीन वर्षं सोडत नाहीये. आता या गटाला टेरर बर्ड म्हणतात, शास्त्रीय नाव फोरुस्राकिडे. त्यांच्याविषयी जितकं वाचलं तितकं एक लक्षात येत गेलं : या पक्ष्याकडे कुणी पक्षी म्हणून पाहायलाच फार उशीर लागला. आधी तो सस्तन ठरला. मग पक्षी ठरला, पण सस्तनांकडून हरलेला. पहिली समजूत चार वर्षांत गेली. दुसरी जायला शंभर वर्षं पुरली नाहीत.

पण आधी त्या दोन भावांबद्दल आणि त्यांच्या वैऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण विज्ञानाच्या इतिहासातली इतकी चविष्ट भांडणं कमी असतील.

फ्लोरेन्तिनो हा मेर्सेदेस गावातला शाळामास्तर. जीवाश्मशास्त्र बरंचसं स्वतःचं स्वतः शिकलेला. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तो युरोपात गेला, तिथे दोन-तीन वर्षं राहिला, लग्न करून परतला आणि बुएनोस आयरेसमध्ये पुस्तकांचं दुकान काढलं. दुकानाचं नाव ‘एल ग्लिप्टोडॉन’! दुकानदाराच्या डोक्यात काय चाललंय हे पाटीवरूनच कळावं. १८८६ मध्ये ला प्लाता शहरातल्या नव्या संग्रहालयाचा संचालक फ्रान्सिस्को मोरेनो याने त्याला उपसंचालक म्हणून बोलावलं. फ्लोरेन्तिनोने आपला संग्रह संग्रहालयाला विकला आणि कार्लोसलाही कामाला लावलं. तो जबडा आला तो याच काळात.

हा मोरेनो म्हणजे ज्याच्या नावाने पॅटागोनियातली ती प्रसिद्ध हिमनदी आहे, पेरितो मोरेनो, तोच. धाडसी प्रवासी, चिलीबरोबरच्या सीमावादात अर्जेंटिनाचा तज्ज्ञ, आणि पुढे स्वतःची जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी देणारा माणूस. थोडक्यात, खलनायक म्हणून सोयीचा नाही. पण या दोघांचं पटलं नाही. दोघांनाही आपल्या नावाने विज्ञान चालावं असं वाटत होतं आणि संग्रहालय एकच होतं. १८८८ मध्ये फ्लोरेन्तिनोची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे संग्रहालयाचे दरवाजे त्याला बंद झाले. त्याने स्वतः विकलेली, स्वतः नावं दिलेली हाडं कपाटात होती, आणि त्याला ती पाहता येत नव्हती. कंपनी सोडताना लॅपटॉप परत केला की आपणच लिहिलेला कोड आपल्याला उघडता येत नाही, त्याची ही एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती म्हणायची.

मग त्याने ला प्लातातच पुन्हा दुकान टाकलं. पुस्तकं, वह्या, टाक, शाई. नाव ‘रिवादाविया’. त्या गल्ल्यातून कार्लोसच्या मोहिमांचा खर्च निघायचा. कार्लोस दरवर्षी पॅटागोनियात जायचा, महिनोनमहिने वाऱ्यात आणि ओसाड माळावर फिरायचा आणि हाडं पाठवायचा. हे पंधराएक वर्षं चाललं. थोरला भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती जुळवायचा आणि छापायचा. कार्लोसने स्वतः फार कमी लिहिलं. कुठलं हाड कुठल्या थरातून आलं याचा जो हिशेब त्याने ठेवला, त्याच्या जिवावर फ्लोरेन्तिनोचं अर्धं नाव उभं आहे. अशा धाकट्या भावांचे पुतळे होत नाहीत.

१८९१ मध्ये दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी तोफा डागल्या. मोरेनो आणि त्याचा सहकारी आल्सिद मेर्सेरा यांनी संग्रहालयातल्या जीवाश्म पक्ष्यांचा एक कॅटलॉग काढला. त्यात या हाडांना पक्ष्यांचा एक अख्खा नवा गण दिला होता आणि जातींची नावं हातचं न राखता वाटली होती. त्याच वर्षी फ्लोरेन्तिनोनेही, आपण स्वतः सुरू केलेल्या नियतकालिकात, फोरुस्राकोस हा पक्षी असल्याचं लिहिलं. एकाच प्राण्याला दोन-दोन, तीन-तीन नावं मिळाली. पायाचं हाड एका नावाचं, जबडा दुसऱ्या. समोरच्याने दिलेलं नाव वापरणं म्हणजे हार मानणं, मग कोण वापरणार? हा गुंता पुढे शंभर वर्षं लोक सोडवत बसले. २००३ मध्ये ब्राझीलच्या अल्वारेंगा आणि होफ्लिंग यांनी सगळी हाडं तपासून गटाची फेरमांडणी केली, तेव्हा नावांच्या त्या ढिगातून १७ जाती उरल्या.

या भांडणात आपल्या ओळखीचा एक माणूसही डोकावून जातो. रिचर्ड लायडेकर. १८७४ पासून आठ वर्षं तो भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता आणि शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्म सस्तनांवरचं त्याचं काम आजही उल्लेखलं जातं. तोच लायडेकर १८९३ मध्ये ला प्लाताला गेला. संग्रहालय मोरेनोचं असल्यामुळे त्याच्यासाठी सगळी कपाटं उघडी होती. त्याने आमेगिनोच्या कितीतरी जाती एकमेकींत मिसळून टाकल्या. फ्लोरेन्तिनो अर्थातच भडकला. लंडनहून आलेला पाहुणा काही दिवसांत सगळं पाहून निकाल देतो आणि ज्याचं आयुष्य त्यात गेलं तो दाराबाहेर, हे कुणालाही झोंबेल.

पैशांची चणचण मात्र संपत नव्हती. शेवटी फ्लोरेन्तिनोने आपल्या पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला विकला. तिथे चार्ल्स अँड्र्यूज यांनी १८९९ मध्ये त्यातल्या सर्वांत पूर्ण सांगाड्याचं बारकाईने वर्णन केलं आणि त्याचं नातं सेरिएमा नावाच्या दक्षिण अमेरिकी पक्ष्याशी जोडलं. हा निष्कर्ष आजही टिकून आहे. गंमत अशी, की फ्लोरेन्तिनोने ज्याला फोरोराकोस इन्फ्लाटस म्हटलं होतं, तो सांगाडा आता पातागोर्निस मार्शी या नावाने ओळखला जातो. हे नाव मोरेनो आणि मेर्सेरा यांनी दिलेलं.

आणि मूळ फोरुस्राकोस? त्याची मोठी कवटी कड्यात सापडली होती, पण मातीतून काढताना तिचा बराचसा भाग भुगा झाला. चोचीचं टोक वाचलं. बाकी कवटी आपल्याला फ्लोरेन्तिनोने दिलेल्या वर्णनातून आणि चित्रातून माहीत आहे. १९०१ मध्ये चार्ल्स नाइट या अमेरिकी चित्रकाराने फोरुस्राकोसचं चित्र काढलं आणि तेव्हापासून पुस्तकांत, खेळण्यांत, सिनेमांत हा पक्षी उभा राहिला तो अशा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या माहितीवर.

फ्लोरेन्तिनोचा विषय निघाला आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगतो. सांता क्रूझचे थर त्याने इओसीन काळातले ठरवले होते. आज ते मायोसीनचे, साधारण पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. आपल्या देशातले थर तो सरसकट जुने धरायचा. थर जुने असले की त्यातले प्राणी जगातल्या इतर प्राण्यांचे पूर्वज ठरतात. अशा पायऱ्या चढत तो शेवटी या निष्कर्षाला पोचला, की सस्तनांचे बहुतेक गट अर्जेंटिनात जन्मले, आणि माणूससुद्धा. ‘सगळ्याचा उगम आमच्याकडेच’ हा सूर ऐकत मोठं झालेल्या मराठी वाचकाला हा गृहस्थ अगदी ओळखीचा वाटेल. १९११ मध्ये तो गेला तेव्हा राष्ट्रपुरुष होता. माणसाबद्दलचा त्याचा सिद्धांत पार कोसळला. हाडं राहिली.

त्याच्या सिद्धांताचं उत्तर देताना लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आणि इथे आपला पक्षी पुन्हा सस्तनांच्या गोष्टीत अडकला.

दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं बेट होती. कुत्रे, मांजरं, अस्वलं या कुळांतलं कुणीही तिथे नव्हतं. मांसाहाराचं काम तिथे तीन जणांनी वाटून घेतलं होतं. पिशवीवाल्या सस्तनांचे नातेवाईक असलेले स्पारासोडोंट, जमिनीवर फिरणाऱ्या मगरी, आणि हे न उडणारे पक्षी. मग सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची पट्टी जोडली गेली आणि दोन्ही खंडांतले प्राणी एकमेकांकडे जाऊ लागले. यावर रचलेली गोष्ट सोपी होती : उत्तरेकडून ‘खरे’ शिकारी आले, मेंदूने आणि दातांनी सरस, आणि बेटावरचे हे कामचलाऊ शिकारी टिकले नाहीत. १९९४ मध्ये लॅरी मार्शल यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये टेरर बर्डवर गाजलेला लेख लिहिला, त्यातही उत्तरेच्या शिकाऱ्यांनी यांची जागा घेतल्याचं चित्र होतं. टेरर बर्ड म्हणजे कुणीतरी लायक येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा बदली कामगार!

ही गोष्ट इतकी पटते कशी, हा मला खरा प्रश्न वाटतो. मला वाटतं, ती आपल्या परिचयाची असते. उत्तरेकडून घोड्यावर कुणीतरी येतं आणि दक्षिणेकडचे हरतात. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला हा साचा इतक्यांदा दाखवलाय, की प्राण्यांच्या बाबतीत तो दिसला तर आपण पुरावा मागत नाही.

पुरावा मात्र आड येतो. टायटॅनिस नावाचा टेरर बर्ड सापडला तो फ्लोरिडात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सांता फे नदीच्या तळातून पाणबुड्यांनी त्याची हाडं वर काढली आणि १९६३ मध्ये पिअर्स ब्रॉडकॉर्ब यांनी त्याला नाव दिलं. सुरुवातीला ही हाडं जेमतेम १५ हजार वर्षांपूर्वीची असतील असा समज होता. म्हणजे माणसाने हा पक्षी जिवंत पाहिला असेल, अशी चित्तथरारक शक्यता. नदीच्या तळाशी सगळ्या काळातली हाडं मिसळलेली असल्यामुळे थरावरून वय सांगणं अशक्य होतं. २००७ मध्ये मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. हाड गाडलं जातं तेव्हा आसपासच्या पाण्यातून काही दुर्मिळ मूलद्रव्यं त्यात मुरतात, आणि त्यांचं प्रमाण त्या-त्या जागेची आणि काळाची सही असतं. ती सही जुळवल्यावर फ्लोरिडातली हाडं निघाली सुमारे २० लाख वर्षांपूर्वीची. टेक्ससमध्ये सापडलेलं एक हाड तर ५० लाख वर्षांपूर्वीचं.

म्हणजे पनामाची पट्टी पुरी होण्याच्या आधीच, उडता न येणारा हा पक्षी बेटाबेटांवरून उत्तरेला पोचला होता. ज्यांनी त्याला हरवलं म्हणतात त्यांच्याच अंगणात तो गेला. तिथे तलवारीसारख्या सुळ्यांची मांजरं होती, तरसाच्या कुळातला धावरा शिकारी होता, लांडग्याचे नातलग होते. त्यांच्यात तो किमान तीस लाख वर्षं टिकला. बदली कामगाराला हे जमत नाही.

दक्षिणेतलं वेळापत्रकही जुळत नाही. उत्तरेकडून सर्वांत आधी आलेले मांसभक्षक रॅकूनच्या कुळातले होते, सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या आसपास. कुत्र्यांचं कुळ नंतर आलं, मोठी मांजरं त्याहूनही पुढे. स्पारासोडोंट मात्र त्याआधीच कमी-कमी होत गेलेले दिसतात. आणि टेरर बर्डमधल्या लहान जातीचे म्हणता येतील असे काही अवशेष उरुग्वेत थेट प्लाइस्टोसीनच्या उत्तरार्धातले मिळाले आहेत. अँडीज उंच होत गेली, हवामान कोरडं आणि थंड झालं, जंगल आणि गवताळ माळ यांचं गणित बदललं. शेवटाची गोष्ट या सगळ्यात विखुरलेली आहे.

आता तो शिकार कशी करायचा याकडे येतो, कारण इथे माझा धंदा कामाला आला. मी पदवीने मेकॅनिकल इंजिनियर आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये. ही जमात पुण्यात मुबलक आढळते. शेवटच्या वर्षाला आम्ही ॲन्सिसवर लोखंडी ब्रॅकेटचे बारीक-बारीक तुकडे पाडून, त्यावर भार टाकून, कुठे ताण येतो ते लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत पाहायचो. याला फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस म्हणतात. परीक्षेनंतर ते पुन्हा कधी उघडलं नाही. मग एकदा २०१० चा एक शोधनिबंध समोर आला आणि त्यात तेच रंग, पण ब्रॅकेटच्या जागी पक्ष्याची कवटी!

देग्रांहे, तांबुस्सी, विटमर, रो आणि मोरेनो (ही मोरेनो वेगळी) यांनी आंदालगालोर्निसची कवटी सीटी स्कॅन केली. हा मध्यम आकाराचा टेरर बर्ड, साधारण ४० किलोचा, साठ लाख वर्षांपूर्वीचा. कवटीची लांबी ३७ सेंटिमीटर. तिचं मॉडेल करून त्यावर तीन प्रकारचे भार टाकले : चावताना येणारा, मागे ओढताना येणारा आणि डोकं बाजूला झटकताना येणारा. तुलनेला गरुड आणि सेरिएमा होते. पहिल्या दोन भारांना कवटी दणकट ठरली. बऱ्याच पक्ष्यांच्या चोचीच्या मुळाशी किंचित हलणारे सांधे असतात, पोपटाची वरची चोच उचलली जाताना तुम्ही पाहिली असेल. याच्या कवटीत ते सांधे पक्के भरून गेले होते. बाजूच्या भाराला मात्र सगळं मॉडेल लालेलाल. चावण्याची ताकद चोचीच्या टोकाशी १३३ न्यूटन निघाली, म्हणजे साधारण साडेतेरा किलो वजनाइतकी. तेवढ्या आकाराच्या सस्तन शिकाऱ्यापुढे ही काहीच नाही.

निष्कर्ष असा, की मोठी धडपडणारी शिकार तोंडात धरून झटके देणं याला परवडलं नसतं, चोच मोडली असती. याचं काम कुऱ्हाडीसारखं असणार. पुढे येऊन वरून घाव घालायचा, आकड्याने मांस मागे ओढायचं, सरकायचं, पुन्हा घाव. लहान शिकार असेल तर सरळ उचलून गिळायची. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हे डिझाइन मांजराची किंवा लांडग्याची कमअस्सल नक्कल नाही. दात नसताना, पंजा असलेला पुढचा पाय नसताना, मान आणि चोच एवढ्या सामग्रीत बसवलेलं ते वेगळंच यंत्र आहे. पंखांना पंजा असावा असं १९९४ मध्ये टायटॅनिसबद्दल सुचवलं गेलं होतं, जणू हाताशिवाय शिकारी पुरा होत नाही. २००५ मध्ये दाखवलं गेलं, की पंखाची ती ठेवण सेरिएमासारखीच, साधी आहे.

सगळ्यात मोठी कवटी सापडली ती अर्जेंटिनातल्या कोमाय्यो गावाजवळ, ७१ सेंटिमीटरहून लांब. शोधणारा शाळकरी मुलगा होता. २००७ मध्ये तिला केलेंकेन गिलेर्मोई नाव मिळालं. केलेंकेन हे तेवेल्चे लोकांच्या श्रद्धेतलं शिकारी पक्ष्याच्या रूपातलं भूत, आणि गिलेर्मो हे त्या मुलाचं नाव. ती पाहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. फ्लोरेन्तिनोच्या चित्रावरून, आणि लहान जातींची कवटी नुसती मोठी करून, लोकांनी राक्षसी टेरर बर्डचं जे गोलसर, उंच डोकं कल्पलं होतं ते तसं नव्हतं. मोठ्या जातीचं डोकं लांब आणि बसकं होतं, आणि पाय वाटले होते त्यापेक्षा सडपातळ, धावणाऱ्याचे.

शेवटचं नातं जनुकांनी उलगडलं. सेरिएमा हा आज ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या माळांवर फिरणारा लांब पायांचा पक्षी. साप-सरडे चोचीत धरतो आणि जमिनीवर आपटून मारतो. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला त्यात सेरिएमा, ससाणे, पोपट आणि चिमणी-कावळ्यांचा गण अशी एक शाखा निघाली. गरुड-घारी निराळ्या फांदीवर. त्या हिशेबाने टेरर बर्डला गरुडापेक्षा अंगणातला पोपट जवळचा.

कोलंबियातल्या ताताकोआ वाळवंटातून आलेल्या एका पायाच्या हाडाचं वर्णन २०२४ मध्ये छापून आलं. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा मोठा टेरर बर्ड, आणि हाडावर दातांच्या खुणा. त्या बहुधा पुरुसाउरस या महाकाय केमनच्या, म्हणजे मगरीच्याच एका जातभाईच्या. हाड भरून आल्याचं चिन्ह नाही.

त्याच्या आदल्या वर्षी पॅटागोनियाच्याच रिओ नेग्रो प्रांतातून, साधारण ८० लाख वर्षांपूर्वीच्या चिखलातल्या पावलांच्या ठशांची माहिती आली. त्या मध्यम आकाराच्या टेरर बर्डचा भार मुख्यतः दोन बोटांवर पडत होता. आतल्या बोटाचा ठसा अर्धवट आहे, कारण चालताना ते बोट त्याने वर उचललेलं होतं, नखी जमिनीला घासून बोथट होऊ नये म्हणून. सेरिएमाच्या पायालाही त्याच बोटावर तशीच वाकडी नखी असते. चिखल ओला होता, आणि पक्षी पाण्याच्या कडेने चालत गेला होता.